जांभळ्या पाइपावरचा हात

“मॅडम, हात जरा पाइपावर ठेवा. हां, असाच. जणू घरच्या म्हशीच्या पाठीवर ठेवलाय,” फोटोग्राफर म्हणाला आणि तिने हसत हात ठेवला. पाइप जांभळा होता, मांडीएवढा जाड. शुद्ध केलेलं सांडपाणी ज्यातून जातं तो पाइप याच रंगाचा असतो, चुकून कुणी त्याला पिण्याचा नळ जोडू नये म्हणून. कंपनीच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर हा पाइप आणि तिचा चेहरा येणार होता, आणि खाली तिनेच लिहिलेली ओळ : आमचे सर्व्हर थंड ठेवण्यासाठी आम्ही कुणाच्याही पिण्याच्या पाण्याचा एक थेंब घेत नाही. हात ठेवला त्या क्षणी तिला खटकलं. पाइप खोलीइतकाच कोमट होता. पाणी वाहत असलेल्या पाइपाला एक बारीक थरथर असते, मांजर मांडीवर बसल्यावर जाणवते तशी. कानाला नाही, तळव्याला कळते. हा पाइप लाकडाच्या ओंडक्यासारखा गप्प होता. दोन हात पलीकडे करडा पाइप होता, शहराच्या पिण्याच्या पाण्याचा, फक्त अडीअडचणीसाठी घेतलेला. तो घामाने डबडबला होता आणि त्याच्या खालच्या पट्टीचा एक सैल बोल्ट सारखा किणकिणत होता. “अप्रतिम!” फोटोग्राफर म्हणाला. तिचं हसू अजून चेहऱ्यावरच होतं. ते काढायचं राहून गेलं होतं.

तळव्यावर तिचा विश्वास होता. तो वडिलांकडून आलेला. वडील बर्फाच्या कारखान्यात यंत्रदुरुस्तीला होते आणि कॉम्प्रेसरचं दुखणं ते हात लावून ओळखत. घरी तिला ताप आला की आई थर्मामीटर शोधायला लागायची आणि वडील नुसता हात लावून “एकशे एकच्या आत आहे, झोपू दे तिला” म्हणायचे; आई म्हणायची, “पोरीला तरी मशिनसारखं तपासू नका हो.” रविवारी ते तिला कारखान्यात न्यायचे. लाकडी झाकणाखाली मिठाच्या पाण्यात बुडवलेले डबे, अमोनियाचा नाकात झोंबणारा वास, आणि ओल्या जमिनीवरून सुळकन जाणाऱ्या पांढऱ्या लाद्या. थंडी ही वस्तू आहे, ती कुठून तरी आणावी लागते आणि तिच्या बदल्यात उष्णता कुठे तरी टाकावी लागते, हे तिला शाळेत शिकवायच्या आधीच माहीत होतं. त्यामुळे पदवी घेऊन ती पहिल्यांदा एका सर्व्हर हॉलमध्ये शिरली तेव्हा तिला परकं असं काही वाटलंच नाही. आत सोळा अंश. सगळे इंजिनिअर जाडजूड जाकिटं घालून हिंडत होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तिने तीन आठवडे सर्व्हरच्या कपाटांच्या पुढेमागे तापमान मोजलं आणि साहेबांच्या समोर कागद ठेवला : चोवीस अंशांवरही यांना काही होत नाही, आपण उगाच गोठतोय. “बाई, मशिनं वितळली तर?” साहेब म्हणाले होते. “तर मला काढा,” ती म्हणाली होती. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मशिनं वितळली नाहीत. वर्षभरात विजेचा वापर पाचव्या हिश्शाने खाली आला आणि लोकांनी जाकिटं घरी नेली. तिला त्या दिवसापासून एक गोष्ट कळून चुकली होती, की आपण खोलीत शिरून ठामपणे बोललो की खोली हळूहळू आपल्या बाजूला वळते. पुढची सव्वीस वर्षं ती त्या एका गोष्टीवर चालत आली होती.

“फोटो झाले असतील तर चहा घेऊ या मॅडम,” मास्तर म्हणाला. मास्तर म्हणजे या डेटा केंद्राचा व्यवस्थापक. पूर्वी तो शाळेत विज्ञान शिकवायचा. बारा वर्षांपूर्वी तिनेच त्याला कंपनीत घेतलं होतं, कारण मुलाखतीत त्याने वाफ होण्याची क्रिया इतकी सुरेख समजावून सांगितली होती की बाकीचे प्रश्न विचारायचंच तिने सोडून दिलं होतं.

“चहा नंतर. मीटर बघू या आधी.”

“मीटरचं काय बघायचं? आकडे येतातच की दर महिन्याला तुमच्याकडे.”

ती चालायला लागली होती. जांभळ्या पाइपावरचं मीटर भिंतीच्या कोपऱ्यात होतं आणि त्याच्या काचेवर धूळ होती. तिने रुमालाने पुसली. आतलं छोटं चक्र उभं होतं. मग ती करड्या पाइपाच्या मीटरकडे गेली. तिथलं चक्र इतकं भरभर फिरत होतं की पाती दिसतच नव्हती. मागे शुद्धीकरणाच्या टाक्यांपाशी एक वयस्क ऑपरेटर टोपीने वारा घेत बसला होता. सगळे त्याला फिल्टरकाका म्हणत. त्याने तिला पाहिलं आणि उठून उभा राहिला.

“काका, हे कधीपासून बंद आहे?”

काकाने मास्तरकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “चार महिने होतील. गाळणीचे पडदे गाळाने पार तुंबले. नवे मागवलेत, येतायत येतायत म्हणतात. तुम्हाला ठाऊक नव्हतं होय?”

मास्तरच्या कपाळावरून घाम ओघळत होता. तिने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि नजर काढून घेतली, कारण तिला एकदम दुसरंच काहीतरी आठवलं होतं.

गाडीत बसल्यावर तिने ते नीट आठवून पाहिलं. चालक पुढे रेडिओ लावू का म्हणून विचारत होता. ती नको म्हणाली. नऊ वर्षांपूर्वी तिचा पर्यावरण विभाग म्हणजे चहाच्या मशिनशेजारचं एक टेबल होतं. लोक कागदी पेला फेकताना तिच्याकडे बघून मुद्दाम दचकल्यासारखं करायचे. तिला “हिरवळ” म्हणायचे. “हळू, हिरवळीवर चालू नका,” कुणीतरी ती येताना म्हणायचं आणि तीच सगळ्यांत मोठ्याने हसायची. तिला चिडवून थकले तेव्हा ते तिचं ऐकायला लागले. त्या काळात तिने सगळ्या केंद्रांसाठी पाण्याचा फॉर्म केला होता. केंद्रांवरचे लोक तो भरायचेच नाहीत. अर्धे रकाने रिकामे यायचे, तिसऱ्या स्मरणपत्राला शिव्या यायच्या. मग तिने एक युक्ती केली. शुद्ध केलेल्या पाण्याच्या रकान्यात टाकीची क्षमता गुणिले दिवस असा आकडा आधीच टाकून ठेवला. बदल असेल तर बदला, नसेल तर नुसती सही करा. दुसऱ्याच महिन्यात शंभर टक्के फॉर्म आले. त्यावर तिने एका परिषदेत भाषण केलं होतं. “माणसाला काम सोपं करून दिलं की तो प्रामाणिक होतो,” असं एक वाक्य त्यात होतं आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. मास्तरने खोटा आकडा लिहिला नव्हता. त्याने चार महिने तिचा आकडा खोडला नव्हता, एवढंच. खिडकीबाहेर उड्डाणपुलाचे खांब एकामागून एक जात होते आणि प्रत्येक खांबागणिक तिला एकेक केंद्र आठवत होतं. तेवीस केंद्रं होती.

ऑफिसात पोचायच्या आत तिने तेवीसही केंद्रांना निरोप पाठवला : दोन्ही मीटरचे तासाभराच्या अंतराने दोन-दोन फोटो, आजच. कारण लिहिलं नाही. कारणं ती सहसा लिहीतच नसे.

नवरा दातांचा डॉक्टर. संध्याकाळी ती थेट त्याच्या दवाखान्यात गेली, शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडत होता. ती पेशंटच्या खुर्चीत जाऊन आडवी झाली, दिव्याखाली, आणि त्याने हातमोजे काढता काढता सगळं ऐकून घेतलं. गुरुवारी संचालकांची बैठक होती. त्याच बैठकीत तिला मंडळावर घेणार होते. तिच्या खात्याचा माणूस तिथवर कधी पोचला नव्हता. अहवाल शुक्रवारी छापायला जाणार होता.

“किती जणांना माहीत आहे हे?” त्याने विचारलं.

“मला, मास्तरला, फिल्टरकाकाला. आता तुला.”

“आणि तू माझा सल्ला विचारायला आलीयेस.”

“हो.”

“नाही. तू ठरवून आलीयेस. तू ठरवल्यावरच मला विचारतेस. सत्तावीस वर्षं मी मान डोलावतोय.” तो हसत म्हणाला, त्यात कडवटपणा अजिबात नव्हता, पण ती खुर्चीत उठून बसली. दिव्याच्या काचेत तिचा चेहरा वाकडा आणि मोठा दिसत होता. हे वाक्य त्याने आधी कधी म्हटलं होतं का, ते तिला आठवेना. म्हटलं असेल. तिने ऐकलं नसेल.

बुधवारी दुपारपर्यंत फोटो आले. एकवीस केंद्रांतून आले, उरलेल्या दोन केंद्रांना फोन करावे लागले. ती एकटी बसून बघत होती. धुळीच्या काचा, कुणाचा तरी अंगठा, एके ठिकाणी मीटरवर पालीची शेपटी. जांभळ्या मीटरचा आकडा सहा ठिकाणी तासाभरात हललाच नव्हता किंवा जेमतेम हलला होता. विचारल्यावर कळलं, कुठे दोन महिने, कुठे वर्ष, एका ठिकाणी तर टाकी बांधल्यापासून सुरूच झाली नव्हती. तिला वाटलं होतं त्याहून हे वाईट होतं, आणि तरीही पाहता पाहता तिचं डोकं थंड होत गेलं. आयुष्यभर तिला हेच जमत आलं होतं : बिघाड समोर दिसला की भीती जाते, हात शिवशिवायला लागतात. मात्र या वेळी त्या हुशारीच्या खाली दुसरं काहीतरी होतं, दातात अडकलेल्या तुसासारखं. सहा ठिकाणी माणसं होती. सहा ठिकाणी कुणाला तरी माहीत होतं. एकानेही तिला फोन केला नव्हता.

कंपनीच्या प्रमुखाला सगळे कॅप्टन म्हणत. कॉलेजात तो हॉकीच्या संघाचा कप्तान होता आणि अजूनही बैठकीत टेबलावर बोटांनी पास दिल्यासारखं करायचा. त्याने फोटो बघितले, चष्मा काढला, पुन्हा घातला.

“पडदे कधी बसतील?”

“सात आठवडे.”

“मग झालं तर. सात आठवड्यांनी तुमची ओळ आपोआप खरी होते. दुरुस्ती पुढच्या वर्षीच्या अहवालात टाकू, बारीक अक्षरांत.”

“अहवाल या वर्षाचा आहे.”

“ओळ जरा सैल करा मग. ‘थेंबही घेऊ नये यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत.’ कसं वाटतं?”

“ते वाक्य मी आत्तापर्यंत शंभर वेळा लिहिलंय, कॅप्टन. माझं औषध मलाच पाजू नका.”

तो हसला. मग हसणं थांबलं. “उद्या तुम्ही मंडळावर येताय. मी तीन वर्षं खपलोय त्यासाठी. नेमकी हीच वेळ सापडली तुम्हाला?”

“मला नाही, फोटोग्राफरला सापडली.” मग ती जरा पुढे झुकली. “फॉर्म मी केलाय. हे उद्या मीच सांगणार. तुम्ही मला बोलायला उभं केलंत तर नीट दिसेल. नाही केलंत तरी मी बोलणारच आहे. आणि नुसती तक्रार घेऊन आलेली नाही मी. सहा केंद्रांतलं निम्मं काम उरलेल्या सतरांवर टाकता येतं. हॉलचं तापमान सत्तावीसवर नेऊ. पडदे येईपर्यंत करडे पाइप जवळजवळ बंद ठेवता येतात. चार दिवसांत.”

“सत्तावीस? ग्राहक बोंबलतील.”

“बोंबलू द्या. मशिन नाही बोंबलणार.”

कॅप्टन बराच वेळ टेबलावर बोटं फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, “तुम्हाला नाही म्हणणं फार अवघड असतं, माहितीये ना?” तिने ते कौतुक म्हणून घेतलं, आणि दाराबाहेर पडल्यावर तिला शंका आली की ते कौतुक नसावं.

गुरुवारची बैठक पाऊण तास चालली, त्यातला अर्धा तास ती उभी होती. तिने कुणाचं नाव घेतलं नाही. सहा केंद्रांचे फोटो दाखवले, आणि सातवा फोटो तिच्या जुन्या फॉर्मचा, त्यातल्या आधीच भरलेल्या रकान्यावर लाल गोल. संचालकांत एक वृद्ध बाई होत्या, पूर्वीच्या न्यायाधीश. त्यांनी विचारलं, “म्हणजे नऊ वर्षं आम्ही तुमचा अंदाज वाचत होतो?”

“सतरा ठिकाणी आकडा बरोबर निघाला. सहा ठिकाणी, हो, माझा अंदाज.”

“आणि हे तपासून बघावं असं तुम्हाला इतक्या वर्षांत एकदाही वाटलं नाही?”

“नाही,” ती म्हणाली. “मला माझा फॉर्म फार आवडायचा.”

दोघं तिघं हसले. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. अहवाल पाच आठवडे पुढे ढकलला. मंडळावरची तिची नेमणूक ‘योग्य वेळी विचारात घेऊ’ या शब्दांत गुंडाळून ठेवली. पुढे ती जागा वित्त विभागाच्या माणसाला मिळाली. मुखपृष्ठावर नुसता निळा रंग आला. तिला वाईट वाटलं, अगदी खरंखुरं, गालावर कुणी चापट मारावी तसं. बैठकीच्या रात्री ती न जेवता झोपली आणि पाचव्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा लवकर उठून केंद्रावर गेली. हॉलमध्ये सत्तावीस अंश होते. मशिनं चालू होती. करडं मीटर गोगलगाईच्या गतीने फिरत होतं. तिने तिथेच उभं राहून डब्यातली पोळीभाजी खाल्ली.

मास्तरच्या केंद्राशेजारच्या, त्याच शहरी नळावरच्या गावाच्या सभागृहात जाऊन तिने हे सगळं लोकांसमोर सांगितलं तेव्हा पन्नासेक माणसं होती आणि पंखे तीन. गेले चार महिने त्यांच्या नळाचा दाब कमी झाला होता; चौथ्या मजल्यावर पाणी चढत नव्हतं, आणि ते सगळे एकमेकांच्या पाणी ओढणाऱ्या मोटारींवर संशय घेत भांडत बसले होते. हे तिला माहीत नव्हतं. एका बाईने उठून सांगितलं की तिने वरच्या शेजारणीशी तेव्हापासून अबोला धरलाय. शेजारीण तिथेच बसली होती. मग मागून एक जण ओरडला, “माफी राहू द्या, तारीख द्या!” तिने तारीख दिली, मीटरचे आकडे रोज गावाच्या फलकावर लावायचं कबूल केलं, आणि पडदे त्या तारखेच्या दोन दिवस आधी बसले. बाहेर पडताना कुणी तिच्याशी हात मिळवला नाही. ते तिला रास्तच वाटलं.

मास्तर त्यानंतर आला. राजीनाम्याचा कागद हातात, जुन्या सवयीने सुवाच्य अक्षरात लिहिलेला.

“मी तुमचं नाव कुठेही घेतलेलं नाही,” ती म्हणाली. “बसा. हे फाडून टाका.”

“नाही, मॅडम. पुन्हा शाळेत जातोय. बोलणं झालंय.”

“मग एवढंच सांगा. मला का नाही कळवलंत? एक फोन.”

त्याने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, बसला नाही. “मागच्या वर्षी पंप बिघडला होता तेव्हा आलो होतो ना मी सांगायला. तुम्ही दोन मिनिटांत उपाय सांगितलात. बरोबर होता उपाय. आणि तिसऱ्या मिनिटाला मला वाटलं, मी किती बावळट माणूस आहे.” तो ओशाळून हसला. “तुम्ही ओरडत नाही कधी. ओरडला असतात तर सोपं गेलं असतं. तुमच्याकडे वाईट बातमी घेऊन यायचं म्हणजे... तुमचं सगळं इतकं नीट चाललेलं असतं, की आपणच त्यात घाण करतोय असं वाटतं. पडदे येतील, मग सांगू, असं करत करत चार महिने गेले.”

तिच्याकडे उत्तर तयार होतं. एक नाही, तीन होती. ती तिन्ही ओठांपर्यंत आली, आणि तिने ती गिळली. मास्तर कागद टेबलावर ठेवून उभा होता. खूप वर्षांत पहिल्यांदा ती कुणासमोर तरी काही न बोलता बसली होती आणि खोली कुठल्याच बाजूला वळत नव्हती. “शाळा कुठली?” तिने शेवटी विचारलं. त्याने सांगितली. सातवीला विज्ञान. मग तिने सही केली.

नवा फॉर्म साधा होता. एकही रकाना भरलेला नव्हता. पहिल्या महिन्यात अकरा केंद्रांकडून आला, दुसऱ्यात चौदा. सहकाऱ्यांनी जुनी युक्ती पुन्हा सुचवली तेव्हा ती म्हणाली, रिकामा येऊ दे, रिकाम्याला मी फोन करीन. आणि ती करायची. तिला अजूनही आपण बरोबर आहोत असंच बहुतेक वेळा वाटायचं, आणि बहुतेक वेळा ती बरोबर असायचीही. तो भाग काही बदलला नव्हता, बदलावा असं तिला वाटतही नव्हतं. फक्त बैठकीत ती आता शेवटी बोलायला लागली होती आणि त्याचा तिला इतका त्रास व्हायचा की टेबलाखाली ती पायाचा अंगठा बुटात दाबून धरायची.

तिसऱ्या महिन्यातल्या एका सकाळी दूरच्या केंद्रावरच्या इंजिनिअर मुलीचा फोन आला. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. फॉर्म आला नव्हता म्हणून हीच फोन करणार होती, तोवर तिचाच आला.

“मॅडम, नमस्कार. ते... जरा वाईट आहे. म्हणजे फार नाही, पण आहे.”

“बोला.”

मुलगी बोलायला लागली. टाकीच्या तळाला चीर गेली होती. ती आधी कशी दिसली नाही, मग कशी दिसली, कंत्राटदार काय म्हणाला, स्वतः खाली उतरून तिने काय पाहिलं. दुसऱ्याच वाक्याला हिला चीर कुठे असणार आणि का, ते कळलं. उपाय तर पहिल्यालाच कळला होता. तिने पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. मुलगी मध्येच थांबली, कुणीतरी आपलं बोलणं तोडेल म्हणून थांबतात तशी. तिने तोडलं नाही.

“एवढंच?” तिने विचारलं.

“नाही. अजून एक आहे. ते माझ्याच हातून झालंय.”

तिने खुर्ची खिडकीकडे वळवली आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.

“सांगा,” ती म्हणाली. “सावकाश सांगा, मला वेळ आहे.”

मुलगी वीस मिनिटं बोलली. त्यातलं निम्मं तिला आधीच कळलं होतं, पण ते तिने मुलीला कळू दिलं नाही.